ज्येष्ठ सभा सुधारणा विधेयक, चहासह

उद्देश आणि कारणे

राज्यसभा कशी सुधारावी याचा मसुदा मी गेली दोन वर्षं लिहितो आहे. राज्यसभेने मला विचारलेलं नाही. लोकसभेनेही नाही. नागपुरातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो, मग निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोक गच्चीवर कुंड्या लावतात. मी संविधानात दुरुस्त्या करतो. कुंड्यांना निदान फुलं येतात, असं माझी बायको कामिनी म्हणते.

मसुदा लिहून लिहून आता मला साधी हकीगतसुद्धा कलमांशिवाय सांगता येत नाही. पुढचीही तशीच येणार. कलम मध्येच मोडलं तर ते कलमाच्या अंगात ताकद नव्हती म्हणून, एवढं समजून घ्यावं.

कलम १ : व्याख्या

(क) ‘मंडळ’ म्हणजे नागपुरातल्या तांडापेठेतलं आमच्या विणकर समाजाचं मंडळ. इमारत दुमजली. खाली लग्नाचा हॉल, वर एक मोठी खोली.

(ख) ‘कार्यकारिणी’ म्हणजे मंडळाचं खालचं सभागृह. ही माणसं निवडून येतात, भांडतात, हॉलचं बुकिंग बघतात, नळ दुरुस्त करून घेतात. सचिव धर्मेंद्र. मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि मंडळातही तसाच वागतो.

(ग) ‘ज्येष्ठ सभा’ म्हणजे वरचं सभागृह. अकरा म्हातारे. त्यातले दहा जुन्या विणकर घराण्यांचे, वयाच्या जोरावर आलेले. अकरावी जागा ‘विद्ये’ची, तिथे सभा एखाद्या शिकलेल्या माणसाला नेमते. अध्यक्ष नानाजी. वय चौऱ्याऐंशी, कानात मशीन, आणि मशीन कधी बंद करायचं याचं उत्तम ज्ञान.

(घ) ‘वरची खोली’ म्हणजे जिथे ही सभा महिन्यातून एकदा भरते. गाद्या, पांढरे लोड, दोन्ही बाजूंनी खिडक्या, दोन मोठे कूलर, माजी अध्यक्षांचे फोटो. महिन्याचे बाकीचे दिवस कुलूप.

(ङ) ‘मी’ म्हणजे चंदन पौनीकर. विद्येच्या जागेवर नेमलेला सदस्य. सभेत वयाने सगळ्यात लहान, म्हणजे एकसष्ट.

कलम २ : ठराव

गेल्या वर्षी कार्यकारिणीने एकमताने ठराव केला. वरची खोली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या समाजाच्या मुलींना अभ्यासिका म्हणून द्यावी. फुकट. सकाळी सातपासून.

पण इमारतीत काहीही बदल करायचा तर ज्येष्ठ सभेची मंजुरी लागते. म्हणजे ज्येष्ठ सभेने स्वतःच्या बुडाखालची गादी स्वतःच ओढून द्यायची.

हे वाचून मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. राज्यसभेचा पेच हुबेहूब हाच आहे! तिचे अधिकार कमी करायला संविधानात बदल हवा, त्या बदलाला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. म्हणजे वरच्या सभागृहाचे पंख कापायचे का, हे त्यालाच विचारायचं, आणि कात्रीही त्याच्याचकडे. मी त्याच दुपारी यावर लेख लिहिला. तो एका रविवार पुरवणीत छापून आला. लेखात तांडापेठेचं उदाहरण होतं. मुलींचा उल्लेख राहून गेला.

ठराव वरच्या खोलीत आला तेव्हा सगळेच बाजूने बोलले. नानाजी तर उभे राहून बोलले. “पोरी शिकल्या तं समाज शिकते,” म्हणाले. मग धर्मेंद्रने किटलीतून चहा दिला. सगळे भुरके मारत प्यायले. मग नानाजींनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “पुढच्या बैठकीत पाहू.”

पुढच्या बैठकीत तेच. तीच भाषणं, तोच चहा, तेच पुढच्या बैठकीत पाहू.

मला वाटलं, ही म्हातारी मंडळी चतुर आहेत. यांच्यात एकजण असा बसला आहे जो मनातून आडवा येतो आणि तोंडाने गोड बोलतो. कोण असेल, यावर मी घरी बराच विचार केला. नानाजींच्या खालोखाल वयाच्या तुळशीरामजींवर माझा संशय होता. ते जास्तच गोड बोलतात.

कलम ३ : मान

याच काळात समाजात माझा मान वाढला. हे मी सांगणं बरं नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही.

लग्नाला गेलो की पहिल्या रांगेतली सोफ्याची खुर्ची. तरुण मुलं माझ्यासमोर जरा गप्प होत. एकदा हॉलच्या दारात दोन बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, “हेच ते सर. लय कडक आहे म्हणतात.” मी मान ताठ केली. लेखाचा परिणाम, दुसरं काय. मी लेखाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आणि लग्नांना जाताना सोबत नेऊ लागलो. व्हिजिटिंग कार्डही छापून घेतलं. त्यावर नावाखाली ‘सदस्य, ज्येष्ठ सभा’.

कामिनी म्हणाली, “अहो, तुमाले कोणी घाबरते काय? घरात तं मांजर घाबरत नाही.”

मी म्हणालो, विद्वत्तेचा दरारा घराबाहेरच असतो.

परंतुक

परंतु त्याच लेखात मी असंही लिहिलं होतं की राज्यसभेतल्या नामनिर्देशित सदस्यांपैकी काहीजण सहा वर्षांत फारसं तोंड उघडत नाहीत, शोभेच्या कुंडीसारखे बसतात, तेव्हा ही नेमणुकीची पद्धतच बंद करावी. हे वाक्य मला फार आवडलं होतं. ज्येष्ठ सभेत मी तीन वर्षांत काय बोललो, ते आठवायचा प्रयत्न केला. एकदा म्हणालो होतो, “कूलर जरा इकडे वळवा.”

प्रश्नोत्तरांचा तास

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी दारावर अपेक्षा आली. चोवीस-पंचवीसची मुलगी, पाठीवर सॅक, चेहऱ्याला बांधलेला रुमाल सोडत सोडतच आत आली. मूळ उमरेडचं विणकर कुटुंब. आता वडील शहराबाहेर वाडी या उपनगरात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करतात आणि गोदामामागेच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. कार्यकारिणीने अभ्यासिकेसाठी नावं मागवली तेव्हा पहिलं नाव तिचं होतं. ती लेखाबद्दल बोलायला आली असणार म्हणून मी चष्मा पुसून घेतला.

*प्रश्न :* सर, तुम्ही चहा काहून नाही पेत?

*उत्तर :* अॅसिडिटी आहे बेटा. धंतोलीच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी बंद केला. बस ना.

*पूरक प्रश्न :* मंग कपावर बशी काहून ठेवता?

*उत्तर :* माश्या बसतात.

*पूरक प्रश्न :* माश्या?

*उत्तर :* त्या खोलीत फार माश्या आहेत. मी कार्यकारिणीला एकदा तोंडी सांगितलंही होतं.

(ती खाली बसली.)

*प्रश्न :* सर, तुमाले खरंच माहीत नाही?

*उत्तर :* काय?

तिने मग जे सांगितलं ते उत्तराच्या रकान्यात मावणार नाही. त्यासाठी वेगळं कलम करतो.

कलम ४ : रिवाज

पूर्वी रस्त्यावर ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, पसरून त्याला खळ लावायची तर अख्खी गल्ली हाताशी लागायची. आज ज्याला तोंडावर ‘नाही’ म्हणालात तो उद्या ताण्याचं दुसरं टोक धरायला आला नाही, तर सूत वाळून जायचं. म्हणून आमच्या पंचांनी ठरवलं : बैठकीत कोणी कोणाला ‘नाही’ म्हणायचं नाही. सगळ्यांनी बाजूनेच बोलायचं. मग चहा यायचा.

चहा प्यायला म्हणजे मंजूर.

कप भरलेला राहिला म्हणजे नामंजूर.

अर्धा प्यायला म्हणजे उपसमिती.

एकाचाही कप भरलेला राहिला तर ठराव पुढे ढकलायचा. कोणाचा राहिला, का राहिला, हे विचारायचं नाही. तेवढ्यासाठीच तर रिवाज.

“आणि बशी?” मी विचारलं.

अपेक्षाने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “सर, कपावर बशी झाकणं म्हंजे, मी जित्ता आहे तोवर होऊ देत नाही. माझे आजोबा सभेत होते. ते सांगत, उभ्या जन्मात त्यायनं दोनदाच बशी पाहिली. तुमी तं दर महिन्याले झाकून राहिले.”

हे मला कोणीच कसं सांगितलं नाही? कारण हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी ओलं असतं हे कोणी कोणाला सांगत नाही. माझे वडील रेल्वेत कारकून होते, मी क्वार्टरमध्ये वाढलो, हातमाग पाहिला तो प्रदर्शनात. पहिली दोन वर्षं मी सभेत चहा प्यायचो आणि सगळे ठराव भराभर मंजूर व्हायचे. तेव्हा मी एका जुन्या लेखात लिहिलं होतं की ही सभा म्हणजे नुसता रबरी शिक्का आहे. मग माझं पोट बिघडलं आणि सभा एकदम बाणेदार झाली.

मी बसल्या जागी हिशोब लावला. अभ्यासिका. हॉलची सोलर पॅनल. विधवांच्या मुलांची फी. जिन्याला कठडा. सगळं माझ्या बशीखाली.

कलम ३ (सुधारित)

कलम ३ वगळण्यात यावं. त्यातला मान, दरारा, सोफ्याची खुर्ची आणि कुजबुजणाऱ्या दोन बायका यांचा लेखाशी काही संबंध नव्हता. समाजाला वाटत होतं की चंदन पौनीकर नावाचा एक भयंकर माणूस वर बसला आहे आणि काहीही होऊ देत नाही.

खरं सांगायचं तर हे कळल्यावरही क्षणभर बरं वाटलं. भयंकर माणूस!

प्रश्नोत्तरांचा तास (पुढे चालू)

*प्रश्न :* सर, तुम्ही हसून काहून राहिले?

*उत्तर :* नाही. कुठे.

*प्रश्न :* तुमचा लेख माझ्या नोट्समध्ये चिकटवला आहे मी. त्यात लिहिलं आहे, धन विधेयक राज्यसभेले चौदा दिवसांत परत करा लागते, तशी सगळ्याच विधेयकाले मुदत पाह्यजे, वरच्या सभागृहानं अडवून ठेवणं बरोबर नाही. बरोबर ना? मंग आमाले वर्ष झालं, सर.

*उत्तर :* ते मी राज्यसभेबद्दल...

*प्रश्न :* आमच्या खोलीमागं दिवसभर ट्रक रिव्हर्स होऊन राहते. प्रत्येकाचं रिव्हर्सचं वेगळं गाणं. मले मूलभूत कर्तव्यं गाण्याच्या चालीवर पाठ झाली. परीक्षेत ट्रक येऊन माझ्यासाठी उभा राहीन काय?

*उत्तर :* (मी चष्मा पुन्हा पुसला.)

*प्रश्न :* बाबानं सांगतलं, ही एकच खेप. पूर्व परीक्षा निघाली तं ठीक, नाही तं मिहानमध्ये एका ऑफिसात रिसेप्शनवर जागा पाहून ठेवली आहे. पोट्टी नाही म्हणत नाही, म्हून त्याईले वाटते मी तयार आहे. क्लास सीताबर्डीले आहे. तिथून तांडापेठ जवळ पडते. दिवसाचे आठ तास शांत भेटले ना सर, तं मी काढतो ही परीक्षा. बाकी मले काही नाही पाह्यजे.

*उत्तर :* काढते म्हण.

*प्रश्न :* काढतो, काढते, निघाली पाह्यजे ना. तुमी चहा प्यान काय?

मी म्हणालो, पिईन. मग तिला लेखाबद्दल काय वाटलं, विचारलं. ती म्हणाली, लांब आहे.

कलम ५ : मतदान

मार्चच्या बैठकीत ठराव पुन्हा आला. बाहेर जिन्यावर अपेक्षा सॅक मांडीवर घेऊन बसली होती. खालच्या सभागृहातल्यांना आणि बायकांना वर यायची मुभा नाही, सचिवाला सोडून, आणि त्यालाही किटलीपुरती. धर्मेंद्रने ठराव वाचला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वर्षभरात त्याने मला नमस्कार करणं सोडलं होतं आणि मी ते आदरयुक्त अंतर समजत होतो.

तुळशीरामजी बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपल्या पोरी कलेक्टर झाल्या पाह्यजेत गा,” म्हणाले. बाकीचेही बोलले. नानाजींनी शेवटी हात वर केला.

“या ठरावाले माझी एक दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “खोली पोरींले द्याची. सभा मंग खाली, जिन्याखालच्या खोलीत बसंन. पण तिथं दहाच खुर्च्या मावते. म्हून विद्येची जागा या ठरावासंगंच बंद. वेगवेगळं नाही, एकच ठराव.” आणि माझ्याकडे वळून, अगदी मायेने, “सर, तुमीच लिहिलं ना पेपरात, नेमलेले लोक कायले पाह्यजेत म्हून. आमी वाचलं. चांगलं लिहिता तुमी.”

माझ्या लेखाचा पहिला खरा वाचक मला चौऱ्याऐंशीव्या वर्षी सापडला. त्याचं वय चौऱ्याऐंशी, माझं नाही. पण त्या क्षणी माझंही तेवढंच झालं.

मसुद्यात नेमणुका रद्द करण्याचं कलम मी मोठ्या आवेशाने लिहिलं आहे. त्यात मी मला धरलं नव्हतं. कलमं लिहिणारा माणूस नेहमी कलमाच्या बाहेर, टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो. मला ती पाचशे व्हिजिटिंग कार्डं आठवली. सोफ्याची खुर्ची आठवली. उद्यापासून मी लग्नात कुठे बसायचं? तिसऱ्या रांगेत, कूलरच्या पाठीमागे, जिथे वऱ्हाड्यांची जेवलेली मुलं झोपवतात.

कलम ५ (अ) : चहा

चहा वयाच्या क्रमाने जातो. आधी नानाजी, मग तुळशीरामजी, असं करत करत शेवटी मी. रिकामा कप बशीत उलटा ठेवायचा. उलटा ठेवलेला कप पुन्हा सरळ होत नाही. दहा जणांनी चहा घेतला. मी आजवर कधी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. आज बघितलं. किती निवांत पीत होते! ठरावाला मंजुरी देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडी तरी चिंता दिसते. यांच्या चेहऱ्यावर होती ती फक्त साखर. खट, खट, खट करत दहा कप उलटे झाले.

मग धर्मेंद्रने माझा कप भरला आणि सवयीने बशी वेगळी, हाताशी, ठेवली.

मी कप उचलला.

“सर,” नानाजी म्हणाले. “तब्येत.”

“काय?”

“धंतोलीच्या डॉक्टरनं चहा बंद केला ना तुमाले?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कामिनीबाईनं माह्या सुनेले. सगळ्याइले माहीत आहे ते, वर्षापासून.”

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे असं. मी अडवत नाही, माझं पोट अडवतं, हे त्यांना पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. रिवाज भरलेला कप बघतो, पोट बघत नाही. मग दहा जणांना काय चिंता? मुलींच्या बाजूने रडून बोलायचं, गोड चहा प्यायचा, समाजात पुढारलेले म्हणून मिरवायचं, आणि खोलीची किल्ली खिशात ठेवून घरी जायचं. शिव्या सरांच्या नावावर. आणि सर कधी प्यायलेच तर, म्हणून आज वर ती जागेची दुरुस्ती. मी स्वतःला भयंकर माणूस समजत होतो. मी विरोधी पक्षसुद्धा नव्हतो. मी अॅसिडिटी होतो.

गोंधळ

“राहू द्या गा सर, जिवापेक्षा ठराव मोठा आहे काय!”

“माह्या साडूले असंच झालं. अल्सर. तीन दिवस अॅडमिट.”

“धर्मेंद्र, सरले दूध दे.”

“दूध चालत नाही रिवाजात.”

“मंग पाणी दे!”

“पुढच्या महिन्यात तब्येत सुधरली की घ्या ना. आपल्याले कायची घाई आहे?”

तुळशीरामजींनी तर पुढे सरकून माझं मनगटच धरलं. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं, या वेळी खरं. मी त्यांचा हात बाजूला केला. हे मोठ्या धैर्याने केलं असं लिहिलं असतं, पण कप आधीच कलंडत होता आणि गरम चहा आपल्या धोतरावर पडेल म्हणून त्यांनी माझं मनगट स्वतःच सोडलं.

पहिला घोट. वर्षभरानंतरचा. आलं, भरपूर साखर, जरा करपलेलं दूध. काय चव होती! देशात काही सुधारणा व्हावी म्हणून नाही, चव लागली म्हणून मी दुसरा घोट घेतला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. अर्ध्यावर आलो तेव्हा नानाजी हलकेच म्हणाले, “बस आता. अर्ध्यावर ठेवा. उपसमिती नेमू, तुमी अध्यक्ष.”

मी थांबलो.

का थांबलो, ते वाचणाऱ्याने विचारू नये. अध्यक्ष म्हणजे जागा राहिली असती. कार्डावर एक ओळ वाढली असती. उपसमितीने अहवाल द्यायचा, अहवाल मी लिहिला असता, आणि माझे अहवाल किती लांब होतात ते राज्यसभेच्या मसुद्यावरून दिसतंच आहे. दाराच्या फटीतून जिन्यावरची सॅक दिसत होती. ती मुलगी तिथेसुद्धा पुस्तक उघडून बसली होती, आणि ओठ हलवत काहीतरी पाठ करत होती. कोणत्या चालीवर, ते इथून कळत नव्हतं.

उरलेला अर्धा कप मी एका दमात प्यायलो. साय मिशीला चिकटली. कप उलटा ठेवला. खट.

धर्मेंद्रच्या हातातली किटली एकदम खाली टेकली. नानाजींनी कानातलं मशीन चाचपलं, बंद करावं की नाही याचा विचार केला असावा, मग हात खाली घेतला. माणूस रिवाजाचा पक्का. त्यांनी एकदा अकरा उलट्या कपांवरून नजर फिरवली.

“मंजूर,” ते म्हणाले. “लोड खाली न्या.”

आणि मला म्हणाले, “सर, तुमी आता बाहेर बसा. ठराव लागू झाला.”

कलम ६ : परिणाम

जिन्यावर अपेक्षा उभी राहिली. “झालं?”

“झालं. पण बेटा, त्यासाठी मला माझी जागा...”

“कधीपासून उघडते?”

“ते धर्मेंद्र सांगेल. मी म्हणत होतो, माझी जागा त्यांनी...”

ती तोवर धर्मेंद्रकडे वर गेली होती. दोघांचं कुलपावरून बोलणं सुरू झालं. मी भिंतीला टेकून ढेकर दाबत उभा राहिलो. धर्मेंद्र जाताना थांबला आणि वर्षभरात पहिल्यांदा वाकून म्हणाला, “नमस्कार, सर. पित्ताची गोळी देऊ काय? गाडीत आहे.”

घरी कामिनीने गोळी आणि थंड दूध समोर ठेवलं. “कायले पेला?”

“सुधारणेसाठी.”

“मंग सुधारणेलेच जळजळ होऊ द्याची ना.”

तिने नानाजींच्या सुनेला माझ्या पोटाबद्दल का सांगितलं, हे मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काय आहे.

कलम ७ : अंमल

अभ्यासिका उघडून पंधरवडा झाल्यावर मी बघायला गेलो. जाणं मला भाग होतं. माझ्याशिवाय ती उघडली नसती, आणि हे तिथे कोणालाच माहीत असल्याचं दिसत नव्हतं. माजी अध्यक्षांचे फोटो खाली गेले होते. दोन्ही कूलर चालू. लांब टेबलं, चौदा-पंधरा मुली, माना खाली. उमरेडची रुचिका नावाची एक मुलगी दाराजवळ बसली होती. अपेक्षा खिडकीपाशी. परीक्षा महिन्यावर आली होती.

तिने हळूच मला बोलावलं. पुस्तकातल्या एका प्रश्नावर बोट ठेवलं. राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे आमदार कोणत्या पद्धतीने निवडतात?

माझ्या आयुष्यात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढली. एकल संक्रमणीय मत, मी म्हणालो. म्हणजे बघ, आमदार पसंतीक्रम देतो. मग कोटा काढायचा. एकूण वैध मतं भागिले जागा अधिक एक, आणि येणाऱ्या भागाकारात पुन्हा एक मिळवायचा. आता समजा एका उमेदवाराला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली, तर ती जास्तीची मतं कुठे जातात? इथेच तर खरी गंमत आहे, आणि इथेच माझी सुधारणा येते...

“सर,” अपेक्षा कुजबुजली, “चारच पर्याय आहे. ब आहे ना?”

“ब आहे, पण ब का आहे ते...”

“सर.” हे दाराकडून आलं. रुचिकाने मान वर केली नव्हती. पेन्सिलीच्या टोकाने तिने भिंतीवरचा कागद दाखवला. *येथे बोलू नये. बोलायचे असल्यास खाली.*

अपेक्षाने ‘ब’ला गोल केला आणि पान उलटलं. मी उठलो. खुर्ची मागे सरकवताना तिचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलाला लावून ठेवली.